घरगुती सौर विद्युत् व भारविभागणी

घरगुती सौर विद्युत् व भारविभागणी : घराच्या छपरावरील सौर पॅनेल, त्यांना जोडलेला इन्व्हर्टर (एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे साधन), विद्युत् घटमाला (बॅटरी) आणि सार्वजनिक विद्युत् जाल (ग्रिड) यांनी घरातील विजेची एकूण मागणी आपापसांत वाटून घेण्याची रीत. घरातील दिवे, पंखे, शीतकपाट, पंप इ. उपकरणे दर क्षणी जी शक्ती ओढतात तिला ‘भार’ म्हणतात. हा भार कोणत्या स्रोताने किती उचलावा, हे घरातील माणूस ठरवीत नाही. स्रोतांची विद्युतीय वागणूक व त्यांच्या जोडणीची पद्धत यांवरून ते आपोआप ठरते. या विभागणीचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. त्याचा आलेख नाशिक जिल्ह्यातील नाशिक रोड व त्याच्या परिसरात विशेष स्पष्टपणे दिसतो, कारण लोहमार्गाचे विद्युतीकरण, मोठे औष्णिक विद्युत् केंद्र, भारनियमनाचा काळ आणि छपरावरील सौर संच हे चारही टप्पे या परिसराने पाहिले आहेत.

पूर्वपीठिका : लोहमार्गाच्या सान्निध्यामुळे वाढलेली नाशिक रोड ही वसाहत १९२५ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिभूती मुद्रणालयामुळे व १९२८ च्या चलनी नोटांच्या मुद्रणालयामुळे औद्योगिक वसाहत बनली. याच सुमारास मुंबईकडील लोहमार्गाचे विद्युतीकरण चालू होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची तार नेली. या गाड्यांसाठी लागणारी वीज ठाकुर्लीजवळील चोळे येथील रेल्वेच्या केंद्रात व टाटांच्या जलविद्युत् केंद्रांत निर्माण होई.

एकदिश प्रवाह एकाच दिशेने वाहतो. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा मात्र ठराविक काळाने उलटसुलट होते. भारतात ही उलटापालट सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्‌झ इतकी असते. हे दोन प्रवाह थेट एकमेकांस जोडता येत नाहीत. इगतपुरीच्या पूर्वेकडे भुसावळपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण १९६० च्या दशकाच्या अखेरीस २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर झाले. त्यामुळे इगतपुरी स्थानकावर अनेक वर्षे गाड्यांची एंजिने बदलावी लागत. छपरावरील पॅनेल व घरातील पंखा यांच्यामध्ये नेमका असाच सांधा असतो. पॅनेलमधून एकदिश प्रवाह निघतो, तर घरातील उपकरणे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. या सांध्यावरचे काम इन्व्हर्टर करतो.

थळ घाटातील विद्युत् एंजिनांनी भारविभागणीचे आणखी एक तत्त्व प्रत्यक्षात आणले होते. मालगाड्यांसाठी १९२८ पासून आणलेली एंजिने घाट उतरताना आपल्या चलित्रांचा (मोटरींचा) उपयोग जनित्रांसारखा करीत व निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत सोडीत. ती वीज चढणीवरील दुसरी गाडी वापरी. घेणारा तारेवर उपस्थित असेल, तरच देणाऱ्याची वीज कामी येते, हे तत्त्व छपरावरील सौर विजेसही जसेच्या तसे लागू पडते.

केंद्रित वीजनिर्मितीचा काळ : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा १९६२-६३ मध्ये कार्यान्वित झाला. ११ डिसेंबर १९६७ रोजीच्या कोयना भूकंपाने राज्याचा वीजपुरवठा खंडित केला व एकाच ठिकाणच्या निर्मितीवर फार विसंबण्यातील धोका उघड झाला. नाशिक रोडपासून काही किमी. अंतरावर गोदावरीकाठी एकलहरे येथे कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र उभारण्यात आले. प्रत्येकी १४० मेगावॉट (मेवॉ.) क्षमतेचे त्याचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये, तर प्रत्येकी २१० मेवॉ. क्षमतेचे पुढील तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्यामुळे केंद्राची स्थापित क्षमता ९१० मेवॉ. झाली. पहिले दोन संच कालांतराने सेवेतून काढण्यात आल्यावर ती ६३० मेवॉ. उरली.

अशा केंद्रातील टरबाइन व जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेतात आणि त्यांतून ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा प्रवाह मिळतो. एका जालास जोडलेली सर्व जनित्रे विद्युतीय दृष्ट्या एकमेकांना बांधलेली असतात. त्यांतील एकालाच वेगळ्या गतीने फिरता येत नाही. गावोगावी दिवे लागून भार वाढला की, सर्व जनित्रांची गती किंचित मंदावते, कंप्रता उतरते व प्रत्येक टरबाइनाचा नियंत्रक (गव्हर्नर) वाफेचा अथवा पाण्याचा झोत वाढवितो. कोणत्या जनित्राने वाढीव भारापैकी किती वाटा उचलावा, हे त्याच्या नियंत्रकाच्या मांडणीवरून ठरते. कंप्रतेची ही घसरण हाच जनित्रांमधील मूक निरोप असतो. त्यासाठी स्वतंत्र तारयंत्र वा दूरध्वनी लागत नाही. घरगुती इन्व्हर्टरांमध्ये पुढे हेच तत्त्व इलेक्ट्रॉनीय रूपात वापरण्यात आले.

भारनियमन व घटमालेचा इन्व्हर्टर : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यातील मागणी व पुरवठा यांतील तफावत वाढत गेली. दाभोळ येथील प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. २००५ मध्ये विद्युत् मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. तुटवडा मात्र कायम राहिला. वाहिनीवरील वीजहानी व देयकांची वसुली यांनुसार भागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविले जाऊ लागले. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून जालावरील भार हलका केला व त्या मोबदल्यात शहराचे भारनियमन टळले. वाढीव खर्च ग्राहकांकडून अधिभाराच्या रूपाने घेण्यात आला. छोट्या, विखुरलेल्या स्रोतांनी भार वाटून घेण्याचा राज्यातील हा एक लक्षणीय प्रयोग होय. २०१२ च्या अखेरीस राज्याचा बहुतांश भाग नियमित भारनियमनातून मुक्त झाला.

या काळात मध्यमवर्गीय घरांत जिन्याखाली किंवा स्वयंपाकघरालगत घटमालेसह इन्व्हर्टर दिसू लागला. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलांना अभ्यासाला दिवा मिळावा, हे त्याच्या खरेदीचे नेहमीचे कारण असे. जालातील वीज असेपर्यंत हे साधन ती घरात जशीच्या तशी जाऊ देते आणि थोड्या विजेने घटमाला भारित करते. वीज गेल्याचे लक्षात येताच त्यातील स्विच (रिले) घराच्या निवडक तारा जालापासून तोडून इन्व्हर्टरला जोडतो. म्हणजे येथे दोन स्रोत एका वेळी भार वाटून घेत नाहीत. त्यांच्या पाळ्या असतात. विभागणी होते ती काळाची आणि तारांची. दिवे व पंखे इन्व्हर्टरच्या तारेवर, तर पाणी तापविण्याचे साधन, इस्त्री व पंप जालाच्या तारेवर राहतात.

या घटमालेची मर्यादा साध्या गणिताने लक्षात येते. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास अशी शिसे-अम्ल घटमाला घेतल्यास तिच्यात नाममात्र १.८ युनिट ऊर्जा असते (१ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास). घटमाला लवकर खराब होऊ नये म्हणून त्यातील अर्धीच वापरणे इष्ट असते. ७५ वॉटचे दोन पंखे व ४० वॉटच्या दोन नळ्या मिळून २३० वॉट भार होतो व तो सुमारे चार तासच चालतो. शिवाय घटमाला भारित करताना व रिकामी करताना, तसेच इन्व्हर्टरमधील रूपांतरात, ऊर्जेचा बराच भाग वाया जातो. वीज परत येताच गल्लीतील सर्व घटमाला एकदम भारित होऊ लागतात. परिणामी भारनियमनाने वाचविलेल्या विजेचा काही भाग पुन्हा मागणीच्या रूपाने, आणि तोही हानीसह, जालावर येतो. व्यक्तीची सोय व समाजाची बचत यांतील हा विसंवाद त्या काळाचे वैशिष्ट्य होता.

सौर घटाचा विकास : प्रकाशामुळे विद्युत् निर्माण होण्याचा आविष्कार फ्रेंच भौतिकीविज्ञ बेक्‌रेल यांना १८३९ मध्ये आढळला. चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ मध्ये सिलिनियमाचा घट बनविला. तथापि त्याची कार्यक्षमता नगण्य होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमधील चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट तयार केला. त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग कृत्रिम उपग्रहांत झाला. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९७७ मध्ये सौर घट विकसित केला. अपारंपरिक ऊर्जेसाठी केंद्र शासनाचा स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये स्थापन झाला, तर महाराष्ट्रात ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) १९८५ मध्ये अस्तित्वात आले. या काळातील सौर संच मुख्यतः रस्त्यावरील दिवे, दुर्गम वस्त्या व पंप यांसाठी असत आणि जालापासून स्वतंत्र असत. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर व पॅनेलांच्या किंमती झपाट्याने उतरल्यानंतर जालास जोडलेले संच शहरी छपरांवर येऊ लागले.

इन्व्हर्टर ही संज्ञा डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ मधील लेखापासून रूढ झाली. प्रत्यावर्ती प्रवाहापासून एकदिश प्रवाह मिळविण्याची क्रिया उलट दिशेने करणारे साधन, असा तिचा अर्थ होता. प्रारंभी त्यासाठी वायू अथवा पारा भरलेल्या नलिका लागत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या थायरिस्टरामुळे व त्यानंतरच्या शक्ति-ट्रँझिस्टरांमुळे ते आटोपशीर व स्वस्त झाले. आधुनिक इन्व्हर्टरमधील स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून एकदिश दाबापासून ५० हर्ट्‌झचा नितळ तरंग घडवितात.

जालाशी जोडलेल्या संचातील विभागणी : घटमालेचा इन्व्हर्टर व जालाशी जोडलेला सौर इन्व्हर्टर यांत मूलभूत फरक आहे. पहिला स्वतः २३० व्होल्ट दाब व ५० हर्ट्‌झ कंप्रता निर्माण करतो. दुसरा जालातील दाब व कंप्रता पाहून त्यांच्याशी आपला प्रवाह कलासंगत करतो व पॅनेलमधून त्या क्षणी जेवढी शक्ती मिळेल तेवढी प्रवाहरूपाने घराच्या तारांमध्ये ढकलतो. तो दाब धरून ठेवीत नाही. ते काम जालाचे असते. घराच्या मुख्य जोडबिंदूशी येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज समान असली पाहिजे, या किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार उरलेला भार जाल उचलते, किंवा शिल्लक प्रवाह जालात जातो.

उदाहरणार्थ, ३ किलोवॉट (किवॉ.) क्षमतेच्या संचातून दुपारी २,२०० वॉट शक्ती मिळत आहे असे समजू. घरात शीतकपाट १५० वॉट, तीन पंखे २२५ वॉट व मिक्सर ५०० वॉट, असा ८७५ वॉट भार असल्यास १,३२५ वॉट बाहेर जातात व ते सहसा शेजारच्या घरांतच खर्ची पडतात. ७५० वॉटचा पंप चालू केल्यावर बाहेर जाणारी शक्ती ५७५ वॉट होते. आणखी १,००० वॉटची इस्त्री लावली, तर घराचा भार २,६२५ वॉट होऊन ४२५ वॉट जालातून येऊ लागतात. इतक्यात ढग येऊन सौर शक्ती ६०० वॉटपर्यंत घसरली, तर जालाचा वाटा २,०२५ वॉट होतो. हे सर्व बदल कोणतेही बटण न दाबता घडतात आणि पंख्याच्या गतीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अमुक पंखा सौर विजेवर व तमुक जालाच्या विजेवर चालतो, असे म्हणणे म्हणूनच निरर्थक ठरते. दोन्ही स्रोतांचे प्रवाह एकाच तारेत मिसळलेले असतात. आणखी एक मर्यादा दाबाची आहे. एकाच रोहित्रावरील अनेक छपरांनी दुपारी एकदम वीज बाहेर ढकलली, तर त्या वाहिनीचा दाब वाढतो व ठराविक मर्यादेपलीकडे इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतात. वितरण रोहित्राच्या क्षमतेच्या प्रमाणात सौर संचांवर मर्यादा घालण्यामागे हे एक कारण आहे.

जाल खंडित झाल्यावर : वरील विवेचनावरून एक वरवर विसंगत वाटणारी गोष्ट उलगडते. भर दुपारी, छपरावर स्वच्छ ऊन असताना जालातील वीज गेल्यास साधा सौर संचही बंद पडतो. ज्या दाबाशी जुळवून घ्यायचे तोच नाहीसा झाल्याने इन्व्हर्टर थांबतो. त्याने तसे थांबावे, अशी नियमांचीही सक्ती आहे. अन्यथा दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या तारतंत्र्यास मृत समजलेल्या तारेतून धक्का बसेल. तुटलेल्या भागात चालू राहिलेल्या अशा पुरवठ्यास विद्युतीय बेट म्हणतात. असे बेट निर्माण होऊ न देण्याची अट अमेरिकेतील २००३ च्या प्रमाणात व भारताच्या केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत अंतर्भूत आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व परिसराचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा घटमाला नसलेली छपरे सूर्यप्रकाशातही निरुपयोगी ठरावीत, हे या रचनेस धरूनच होते. भारनियमनाच्या आठवणीने पॅनेल बसविणाऱ्या ग्राहकाचा अपेक्षाभंग होतो तो मुख्यतः येथेच.

यावरील उपाय म्हणजे संकरित (हायब्रिड) इन्व्हर्टर. जाल असताना तो जालाचे अनुसरण करतो. जाल गेल्यास घर जालापासून तोडून, घटमालेच्या आधारे स्वतः दाब व कंप्रता धारण करतो आणि निवडक तारांना वीज पुरवितो. घटमाला भरत आली व भार कमी असेल, तर काही रचनांमध्ये तो कंप्रता मुद्दाम किंचित वाढवितो. तो बदल ओळखून छपरावरील सौर इन्व्हर्टर आपली शक्ती कमी करतो. एकलहऱ्यातील नियंत्रक जो निरोप टरबाइनाच्या गतीतून वाचतो, तोच येथे एका घराच्या चार भिंतींत दिला-घेतला जातो. लिथियम-लोह-फॉस्फेट घटांमुळे अशा संचांचे आयुष्य वाढले असले, तरी खर्चही वाढतो.

हिशेबाची विभागणी : विद्युतीय विभागणी क्षणाची असते, देयकातील विभागणी महिन्याची. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने २०१५ मध्ये छपरावरील सौर संचांसाठी नक्त मापनाचे (नेट मीटरिंग) विनियम केले व २०१९ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. या पद्धतीत दोन्ही दिशांचे मापन करणारा मीटर बसवून आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा करतात. शिल्लक युनिटे पुढील महिन्यात ओढली जातात. केंद्र शासनाच्या २०२४ मधील ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवून २ किवॉ. पर्यंत दर किवॉ. ला ३०,००० रु. व ३ किवॉ. किंवा अधिक क्षमतेस कमाल ७८,००० रु. साहाय्य देऊ केले. राज्यात १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार मापन करणारा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या काळातील वापरासाठी दरात सवलत लागू झाली. दुपारच्या युनिटाचे मोल सायंकाळच्या युनिटापेक्षा कमी आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

मूल्यमापन : नाशिक रोडचे रेखावृत्त भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे पावणेनऊ अंश पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य सरासरीने दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. पॅनेलांची शक्तीही त्याच सुमारास कमाल असते. घरातील भार मात्र सकाळी पाणी भरण्याच्या व सायंकाळी दिवाबत्तीच्या वेळी अधिक असतो. चैत्र-वैशाखात ऊन भरपूर असले, तरी तापलेल्या सिलिकॉन घटांची शक्ती दर अंश सेल्सिअस तापमानवाढीस साधारणतः ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. पावसाळ्याचे चार महिने उत्पादन बरेच उतरते. वर्षाच्या सरासरीने १ किवॉ. क्षमतेमागे दिवसाला सुमारे ४ युनिटे धरल्यास ३ किवॉ. संचातून १२ युनिटे मिळतात. क्षमतेच्या आकड्यांनी एकलहऱ्याचा २१० मेवॉ. क्षमतेचा एक संच अशा ७०,००० छपरांबरोबरीचा दिसतो. पण तो संच पूर्ण शक्तीने दिवसभरात ५० लाखांवर युनिटे देऊ शकतो व तेवढ्यासाठी सुमारे ४,२०,००० छपरे लागतील. सूर्यास्तानंतर तर तुलनाच संपते. उलट छपरावरील युनिटामागे कोळसा, राख व लांबच्या तारांतील हानी नसते.

जालाचे धारकत्व किती मोलाचे आहे, हे ५ एप्रिल २०२० रोजी दिसले. त्या रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे घरगुती दिवे मालविण्यात आले आणि मागणी सुमारे ३१,००० मेवॉ. ने घसरली. जलविद्युत् केंद्रांनी निर्मिती झपाट्याने कमी करून व पुन्हा वाढवून जाल स्थिर राखले. सौर संचांचे प्रमाण वाढत जाईल तसे असे कमी-अधिक करण्याचे काम रोज सायंकाळी, सूर्य मावळताना करावे लागते. त्याचा खर्च कोणी सोसावा, हा नक्त मापनाविषयीच्या वादाचा गाभा आहे. छप्पर स्वतःचे असलेल्या बंगल्यातील कुटुंबास देयकात बचत मिळते. बहुमजली इमारतीतील सदनिकाधारकांना एकच गच्ची वाटून घ्यावी लागते आणि भाडेकरूंना सहसा तीही मिळत नाही. जाल टिकविण्याचा स्थिर खर्च मात्र सर्वांच्याच वाट्याला येतो.

सारांश, छपरावरील पॅनेलमुळे घर जालापासून स्वतंत्र होते, ही समजूत घटमालेविना असलेल्या संचाबाबत खरी नाही. असे घर दिवसा जालाचे देणेकरी व रात्री घेणेकरी असते आणि दोन्ही वेळा दाब व कंप्रता यांसाठी जालावरच अवलंबून राहते. ग्राहकाने संच निवडताना प्रथम आपली गरज देयक कमी करण्याची आहे की अंधार टाळण्याची, हे ठरवावे लागते. पहिलीसाठी जालाशी जोडलेला साधा संच पुरेसा असतो. दुसरीसाठी घटमाला, संकरित इन्व्हर्टर व निवडक भारांच्या वेगळ्या तारा आवश्यक असतात. पंप व कपडे धुण्याचे यंत्र यांसारखे वेळ बदलता येणारे भार दुपारी चालविल्यास दोन्ही प्रकारांत लाभ होतो. घाट उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीने वापरावी, या थळ घाटातील जुन्या योजनेचेच हे घरगुती रूप होय.